बापाच्या नावाचा कोरा रकाना

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यातली शेवटची अकरा वर्षं रेकॉर्ड रूमला. लाल फडक्यात बांधलेले रुमाल, वाळवी, कसर, पावसाळ्यात गळणारं छप्पर आणि खिडकीपाशी उभं राहून "भाऊसाहेब, आमच्या आज्याची एवढी एक नोंद काढून द्या" म्हणणारी माणसं. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटलो बुवा धुळीतून. पण गेल्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला सहा महिने राहिलो आणि तिथेही शेवटी रेकॉर्ड रूमच नशिबी आली. आज त्याबद्दल लिहितोय, कारण त्यात आपल्याकडचाही एक हिशोब आहे. माझा स्वतःचाही आहे.

लेक-जावई राहतात ते डॉर्सेटमधलं खेडं. डॉर्सेट म्हणजे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरची काउंटी, आपला जिल्हा समजा. दीडेकशे उंबरे, एक दगडी चर्च, एक पब. शेजारी ऐंशी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. पोस्टपुरतं त्यांना 'आजोबा' म्हणतो. गावात नवीन घरं बांधायची की नाहीत यावर सभा झाली, त्यात आजोबा उठून म्हणाले होते की हे गाव मूळच्या माणसांचं राहू द्या, आमचं घराणं इथे चारशे वर्षं आहे. माझ्या जावयाला ते लागलं होतं. आजोबा माणूस वाईट नाही. लेकीच्या बाळंतपणात भाजी आणून देत होते. पण बोलले ते बोलले.

मी कागदपत्रांतला माणूस आहे हे कळल्यावर त्यांनी मला चहाला बोलावलं आणि भिंतीवरची चौकट दाखवली. वंशावळ. सगळ्यात वरचं नाव १५९४ सालचं, त्याच गावातलं. ती इंटरनेटवर कुणीतरी तयार केलेली होती, आजोबांनी फक्त छापून घेतली होती. मी सवयीने विचारलं, "मूळ नोंदी पाहिल्यात का?" ते म्हणाले, "त्याची काय गरज?"

आपल्याकडे फेरफार न बघता सातबाऱ्यावर विश्वास ठेवणाऱ्याला आम्ही काय म्हणायचो, ते इथे लिहीत नाही.

आता थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही.

सप्टेंबर १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला, की प्रत्येक पॅरिशमध्ये (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावात) वही ठेवायची आणि दर रविवारी त्या आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं तीत लिहायची. वही दोन कुलुपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्रीबाबाकडे, दुसरी चर्चच्या पंचांकडे. नोंद चुकवली तर ३ शिलिंग ४ पेन्स दंड. लोकांना वाटलं, हा नवीन कर बसवायचा डाव आहे. सरकारने माणसं मोजायला घेतली की गरिबाच्या पोटात गोळा येतो, हे सगळीकडे सारखंच. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा अजून ९२ वर्षं होती.

सुरुवातीच्या बऱ्याच वह्या साध्या कागदावर होत्या, त्या कुजल्या. म्हणून १५९८ मध्ये एलिझाबेथ राणीच्या काळात हुकूम झाला, की जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवून काढा, निदान राणी गादीवर आल्यापासूनच्या तरी. राणी गादीवर आली १५५८ ला. आळशी कारकून सगळीकडे असतातच, त्यांनी 'निदान' हा शब्द बरोबर पकडला. म्हणून इंग्लंडातल्या कितीतरी गावांच्या नोंदी १५३८ ऐवजी १५५८ पासूनच मिळतात. त्याच हुकमाने दरवर्षी नोंदींची एक प्रत बिशपकडे पाठवायची पद्धत पक्की झाली. गावची वही उंदरांनी खाल्ली तर ही बिशपची प्रत कामाला येते. दुय्यम प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवावी, हे शहाणपण तेव्हापासूनचं.

या वह्या वाचताना तीन ठिकाणी पाय घसरतो.

एक, त्यात जन्म नसतो, बाप्तिस्मा असतो. मृत्यू नसतो, दफन असतं. पोर चार वर्षांचं झाल्यावर बाप्तिस्मा दिला असेल तर आकडेमोड चार वर्षांनी चुकते.

दोन, तारखा. १७५२ पर्यंत इंग्लंडात वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे वहीत फेब्रुवारी १७२० लिहिलं असेल तर आपल्या हिशोबाने ते १७२१. कॅलेंडर बदललं तेव्हा सप्टेंबर १७५२ मध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. शक, फसली आणि शुहूर सन जुळवता जुळवता ज्यांचे केस पिकले, त्या आपल्या मोडीवाल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

तीन, सगळं गाव त्या वहीत नसतं. चर्च ऑफ इंग्लंड सोडून इतर पंथांना धरलेल्यांच्या नोंदी त्यांच्या त्यांच्या वेगळ्या. १६४० नंतरच्या यादवीच्या धामधुमीत कित्येक गावांत वर्षांची वर्षं कोरी आहेत. १७८३ ते १७९४ मध्ये सरकारने प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर लावला. कंगालांना माफी होती. काहींनी कर लागू व्हायच्या आधीच मुलांचे बाप्तिस्मे उरकून घेतले, काहींनी टाळले. म्हणजे वही खोटं बोलत नाही, पण तिला जेवढं विचारलं तेवढंच सांगते.

पुढे कायद्यांनी एकेक सुधारणा केली. १७५४ पासून लग्नाला नवरा-नवरी आणि साक्षीदारांच्या सह्या आल्या. ज्यांना लिहिता येत नाही ते फुली मारायचे. १८१३ पासून छापील फॉर्म आले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहायचा, दफनाच्या नोंदीत मयताचं वय आणि राहण्याचं ठिकाण. १ जुलै १८३७ पासून सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू झाली आणि लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही बापांची नावं व धंदे आले. १८४१ च्या जनगणनेपासून माणसांची नावं मिळतात, आणि १८५१ च्या जनगणनेत जन्म कोणत्या पॅरिशमध्ये झाला तेही मिळतं.

आता आजोबांची गोष्ट.

वंशावळ काढायचा नियम एकच. आजपासून मागे जायचं, एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय ठेवायचा नाही. राजापासून खाली यायला गेलात की हमखास भलत्याच घरात शिरता. आजोबांचे वडील, आजोबा, पणजोबा पटापट जुळले. चौथ्या पिढीला, म्हणजे खापरपणजोबांपाशी गाडी अडली.

भिंतीवरच्या वंशावळीप्रमाणे त्यांचा बाप्तिस्मा १८२२ मध्ये याच गावात झाला होता. नाव-आडनाव बरोबर होतं. पण मी दफनाची वही काढली. त्याच नावाचं मूल १८२३ मध्ये याच गावात पुरलेलं, वय चार महिने. म्हणजे ज्या मुलावर सगळी चारशे वर्षं टांगली होती, ते मूल पाळण्यातच गेलं होतं. बाप्तिस्मा सापडल्यावर आनंदाने उड्या मारायच्या आधी दफनं तपासायची, ही पायरी इंटरनेटवरचे बरेच हौशी लोक गाळतात.

मग खरे खापरपणजोबा कोण? त्यांच्या लग्नाची १८४६ ची नोंद बघितली. सहीच्या जागी फुली. आणि 'बापाचं नाव' या रकान्यात काहीच नाही. कोरा. शेजारी बापाच्या धंद्याचा रकाना, तोही कोरा.

कारकुनाला कोरा रकाना दिसला की त्याची झोप उडते. १८५१ ची जनगणना पाहिली. हे गृहस्थ शेतमजूर, वय २८. जन्मगाव हे नव्हेच! चौदा मैलांवरचं दुसरं एक गाव. त्या गावची बाप्तिस्म्याची वही उघडली आणि १८२३ मध्ये नोंद मिळाली. मुलाचं नाव, आईचं नाव आणि बापाच्या धंद्याच्या जागी दोनच शब्द: 'अविवाहित स्त्री'. आडनाव आईचं. चौकटीतल्या १५९४ च्या त्या घराण्याशी या माणसाचा कसलाच संबंध दिसत नव्हता, आडनाव तेवढं एक होतं.

इथवर सगळं घरबसल्या स्क्रीनवर झालं. डॉर्सेटच्या या वह्यांचे फोटो पैसे भरून ऑनलाइन बघता येतात. पण चर्चच्या पेटीत वह्यांखेरीज आणखी एक गठ्ठा असायचा, गरिबांच्या कारभाराचा. तो बघायला डॉर्चेस्टरच्या काउंटी अभिलेखागारात जावं लागलं. तिथे पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. पिशवी बाहेर कपाटात. जुनी वही फोमच्या उशीवर ठेवून देतात, पाठीचा कणा मोडलेल्या पेशंटसारखी. मी बघतच राहिलो.

त्यांचा गरिबांचा कायदा थोडक्यात सांगतो. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशने आपले गरीब आपण पोसायचे, खर्च गावातल्या घर-जमीनवाल्यांकडून वसूल करायचा. मग प्रश्न आला, 'आपले' कोण? १६६२ च्या कायद्याने त्याचं उत्तर ठरवलं. प्रत्येक माणसाचं एक कायदेशीर गाव. ते बापाकडून मिळायचं, बाईला नवऱ्याकडून. पुढे आणखी वाटा झाल्या. लग्न न झालेल्या गड्याने किंवा मोलकरणीने एका धन्याकडे सलग एक वर्ष चाकरी केली, तर ते गाव तिचं व्हायचं. यावर धन्यांनी तोड काढली. नेमणूकच एक्कावन्न आठवड्यांची करायची! अकरा महिन्यांची ऑर्डर देऊन मध्ये एक दिवसाचा खंड पाडणारे आपले साहेब मला तिथे बसल्या बसल्या आठवले.

जो 'आपला' नाही आणि गावाच्या मदतीवर येईल, त्याला दोन मॅजिस्ट्रेटच्या सहीने त्याच्या गावी पोचवायचं. १७९५ नंतर नियम जरा सैल झाला, प्रत्यक्ष मदत मागितल्याशिवाय हलवायचं नाही असं ठरलं. पण लग्न न झालेल्या गरोदर बाईला ही सवलत नव्हती. तिने मदत मागितली असो वा नसो, ती गावावरचा बोजाच धरली जायची. कारण अनौरस मूल जिथे जन्मेल ते त्याचं गाव, म्हणजे पुढची कित्येक वर्षं त्याचं पोट त्या गावावर. म्हणून दिवस भरायच्या आत तिला हद्दीबाहेर काढायची घाई असायची.

आजोबांच्या गावच्या गठ्ठ्यात तो कागद होता. १८२३ सालचा. आधी तिची जबानी, शपथेवर. जन्म अमुक गावी, बाप शेतमजूर. तेराव्या वर्षी चाकरीला लागली. मग या गावात एका शेतकऱ्याकडे, पगार वर्षाला तीन पौंड. वर्ष पुरं व्हायला दहा दिवस कमी असताना धन्याने सुट्टी दिली. आता पोटुशी आहे. खाली तिची फुली. आणि सोबत दोन मॅजिस्ट्रेटच्या सह्यांचा हुकूम: हिला बापाच्या गावी नेऊन तिथल्या ओव्हरसियरच्या ताब्यात द्या.

ज्या घराचा तो शेतकरी होता, त्याचं आडनाव मला ओळखीचं होतं. चर्चमध्ये भिंतीवर त्याची संगमरवरी पाटी आहे. दानशूर म्हणून.

मुलाचा बाप कोण ते कळत नाही. असं मूल झालं की बापाचं नाव वदवून घ्यायचे आणि त्याच्याकडून खर्चाचं हमीपत्र लिहून घ्यायचे. तसा कागद त्या गठ्ठ्यात नव्हता. तो शेतकरीच होता असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण कागद नाही तर नोंद नाही. आजोबांनाही तेच सांगितलं.

हे सगळं त्यांना कसं सांगायचं याचा दोन दिवस विचार केला. लेक म्हणाली, "बाबा, राहू द्या ना, म्हातारा माणूस आहे." पण त्यांनी विचारलं होतं, आणि नक्कल मागणाऱ्याला खरी नक्कल द्यावी लागते. टेबलावर कागद क्रमाने मांडले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एकच विचारलं, "तिला कोणत्या रस्त्याने नेलं असेल?"

पुढच्या रविवारी जावयाने गाडी काढली आणि आम्ही तिघं त्या चौदा मैलांवरच्या गावी गेलो. गाडीला अर्धा तास लागला. तिला छकड्यातून अख्खा दिवस लागला असेल, त्यात पोटात मूल. चर्चच्या आवारात तिची कबर सापडायची शक्यता नव्हतीच, गरिबांना दगड कुठून? आजोबा आवारात जरा वेळ उभे राहिले. परत येताना जावयाला म्हणाले, "आम्हालाही इथून काढलंच होतं म्हणायचं." जावई काही बोलला नाही. मीही नाही.

आता माझा हिशोब.

आपल्याकडे गावोगावी कोतवाल बुकं होती. जन्म-मृत्यूच्या नोंदी, गाव नमुना १४. जुनी मोडीत. त्यात जात लिहिलेली असायची. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला तालुक्या-तालुक्यात रुमाल सोडले गेले, तेव्हा ही वही काय चीज आहे ते सगळ्यांना कळलं. त्यावर कुणाचं मत काहीही असो, इथे वाद नको. मुद्दा एवढाच, की कुठल्यातरी पाटील-कोतवालाने कधीकाळी दोन ओळी लिहिल्या आणि त्यावर आज पोरांच्या शिक्षण-नोकरीचं ठरतंय. ज्यांच्या गावची वही शिल्लक आहे त्यांना पुरावा आहे. ज्यांच्या गावची भिजली, त्यांनी काय करायचं?

आमच्या रेकॉर्ड रूममध्ये एका पावसाळ्यात कोपऱ्यातली काही बुकं भिजली. वाळवून, कागद सुटे करून दुरुस्त करता आली असती. वर लिहायला हवं होतं, पाठपुरावा करायला हवा होता. मी यादीत 'जीर्ण, हाताळण्यायोग्य नाही' असा शेरा मारला आणि रुमाल वरच्या फळीवर टाकला. दोन वर्षांनी एक म्हातारी बाई आली, बापाची जन्मनोंद मागायला. गाव नेमकं त्यातलं. मी तिला दहा मिनिटांत लेखी उत्तर दिलं, 'अभिलेख जीर्ण असल्याने नक्कल देता येत नाही'. ती एसटीने साठ किलोमीटर आली होती. "बरं भाऊसाहेब" म्हणाली आणि गेली. नियमाप्रमाणे माझं काही चुकलं नव्हतं. डॉर्चेस्टरला ती वही उशीवर ठेवलेली बघितली तेव्हा मला ती बाई आठवली.

इंग्लंडने हे सगळं प्रेमाने जपलं असं समजू नका. त्यांच्याही कितीतरी वह्या जळल्या, कुजल्या. पण १९७८ मध्ये चर्चने कायदा करून ठरवलं, की शंभर वर्षांवरच्या नोंदी काउंटीच्या अभिलेखागारात जमा करायच्या. गावात ठेवायच्या असतील तर आग, ओल आणि चोरी यांपासून जपायच्या कडक अटी पाळायच्या. आणि हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून नोंदी टाइप केल्या, ज्या कुणालाही फुकट शोधता येतात. सरकारची वाट बघत बसले नाहीत. तिला हाकलणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाचा हिशोब म्हणून कागद लिहिला. दोनशे वर्षांनी तोच तिचा एकमेव पुरावा ठरला, कारण मधल्या कुणीतरी तो रद्दीत घातला नाही.

तर विनंती अशी.

ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. उजेडात फोटो काढा आणि दोन ठिकाणी ठेवा. ग्रामपंचायतीत किंवा शाळेत कुणी सदस्य-शिक्षक असाल तर जुनं जनरल रजिस्टर कुठे आहे, कोरडं आहे का, तेवढं उद्या बघून या. त्र्यंबकेश्वर-नाशिकला गेलात तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याचं पान बघा आणि उतरवून घ्या. आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा, आजीचं माहेर कोणतं, पणजीचं कोणतं. बाईचं नाव लग्नात बदलतं आणि माग तिथेच तुटतो.

मोडी वाचता येणारे आपल्या तालुक्यात कोण कोण आहेत त्यांची नावं कमेंटमध्ये सांगा, त्यांना विचारून मगच. मी दर शनिवारी सकाळी मोकळा असतो. भिजलेली बुकं सोडवायला चार हात लागतील. त्या वरच्या फळीवरच्या रुमालासाठी अर्ज मी मागच्या आठवड्यात दिलाय. आता मी खिडकीच्या या बाजूला आहे.